प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होते, अहवालात ‘गाठ’ हा शब्द दिसतो आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते. पुढचे कोणी वाचतच नाही. त्यापुढे ‘लायपोमा’ असे लिहिलेले असेल, तर घाबरण्याचे कारण बहुधा नसते.

लायपोमा म्हणजे चरबीच्या पेशींची साधी गाठ. हातावर किंवा पाठीवर कातडीखाली जशी मऊ गाठ लागते, तशीच ती आतड्याच्या अस्तराखाली वाढते. मोठ्या आतड्यात ती बहुतेकदा उजव्या बाजूच्या भागात आणि पन्नाशीनंतर आढळते. ती कर्करोगाची नसते. २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीचा सहसा त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ती सापडते.

कोलोनोस्कोपीत ही गाठ पिवळसर, गुळगुळीत दिसते आणि चिमट्याने दाबली की उशीसारखी दबते. सीटी स्कॅनमध्येही चरबी वेगळी ओळखू येते. मात्र मोठ्या गाठीवरच्या अस्तराला व्रण पडला, तर ती कर्करोगासारखी भासू शकते. चरबी अस्तराखाली असल्याने वरवरच्या तुकड्याची बायोप्सीही कधी कधी उपयोगी पडत नाही. मग पक्के निदान शस्त्रक्रियेनंतरच होते.

मोठ्या गाठीमुळे पोटदुखी, रक्तस्राव किंवा बद्धकोष्ठता होऊ शकते. क्वचित आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून मार्ग बंद होतो. तेव्हा तातडीने उपचार लागतात. त्रास देणारी गाठ दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेने काढतात. लहान, मुकाट असलेल्या गाठीला सहसा हात लावावा लागत नाही.

चूक दोन्ही टोकांना होते. एकीकडे भीतीपोटी निरुपद्रवी गाठ काढून टाकण्याचा आग्रह धरला जातो. दुसरीकडे शौचातून रक्त पडत असूनही ‘मूळव्याधच असेल’ म्हणत महिनोन्‌महिने घरगुती औषधे चालतात. रक्त पडणे, शौचाच्या सवयी बदलणे, कारण नसताना वजन घटणे या तक्रारींची तपासणी झालीच पाहिजे. लायपोमा सापडला म्हणून रक्तस्रावाचे कारण तोच, असेही गृहीत धरू नये. आतडे संपूर्ण तपासले गेले आहे ना, हे रुग्णाने विचारावे. आणि डॉक्टरांनीही अहवाल हातात ठेवताना त्यातल्या ‘गाठी’चा अर्थ साध्या मराठीत सांगावा. त्या दोन मिनिटांत अनेक घरांची झोप वाचेल.