फडावरची पोरं आणि आपली शाळा



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं तिथली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवली. लातूरकर हे विसरलेले नाहीत.

पण दरसाल आपल्याच उसात जी पोरं उघड्यावर येतात, त्यांचं काय? मुकादमाची उचल घेतलेले कोयते येतात, मागून लेकरं. ही मंडळी काही परकी नव्हेत. जळकोट, मुखेड, कंधारकडची माणसंही कोयता घेऊन बाहेर पडतातच. पहाटे आईबाप फडात, थोरली पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळत. तिचं नाव गावच्या हजेरीपटावर, ती इथं! परत गेली की ऐकायला मिळतं, "मागं पडली." मागं पडली कसली, आपल्या हंगामानं तिला मागं ठेवली.

असं पोर वर्गात गप्प बसतं, नाहीतर मारामारी करतं. छडीनं ते सुधारत नाही. रोज नावानं हाक मारणारा एक गुरुजी मात्र त्याला धरून ठेवतो.

हंगामी वसतिगृहात मूल गावीच राहिलं तर उत्तमच. पण जे इथं आलं, त्याला दाखला नसला, वर्ष निम्मं सरलं असलं, तरी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेला नाकारता येत नाही. अडतं ते एवढ्यावर, की पोर आलंय हे शाळेला कळतच नाही.

कोणाच्या फडात किती कोयते, हे आपल्या चिटबॉयला तोंडपाठ असतं. त्याच वहीत पोरांची नावं अन् वयं लिहून आठ दिवसांत जवळच्या मुख्याध्यापकांकडे पोचवावीत, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडावा. सवलतीच्या साखरेवर आपण तासभर बोलतोच की!