बडीशेपेच्या ताटलीतील पगार

उपाहारगृहाने ग्राहकाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप जोडणे आणि ते भरण्यास त्याला भाग पाडणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. प्रतिभा सिंह यांनी २८ मार्च २०२५ रोजी दिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे त्यांनी वैध ठरवली आणि हॉटेलमालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांच्या याचिका प्रत्येकी एक लाख रुपयांच्या खर्चासह फेटाळल्या. ग्राहकाच्या बाजूने हा निकाल स्वच्छ आहे. मात्र ज्याच्या नावावर हे शुल्क इतकी वर्षे गोळा होत राहिले, त्या वाढप्याच्या पदरात नेमके काय पडावे, हा प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेबाहेर होता आणि निकालानंतरही तो भटारखान्याच्या दाराशीच उभा आहे.

सेवाशुल्क म्हणजे खाद्यपदार्थांच्या किमतीवर हॉटेलने स्वतःच्या अखत्यारीत, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास, लावलेली रक्कम. ती सरकारी तिजोरीत जात नाही. पण २०१७ पर्यंत अस्तित्वात असलेल्या सेवाकराशी तिचे नाव इतके जुळते की हा सरकारी करच आहे असे समजून असंख्य ग्राहकांनी ती मुकाट्याने भरली. शिवाय वस्तू व सेवा कराची आकारणी सेवाशुल्क धरून झालेल्या बेरजेवर होत असे. दोन हजार रुपयांच्या जेवणावर दोनशे रुपये सेवाशुल्क आणि मग बावीसशेवर पाच टक्के कर, म्हणजे जे बिल एकवीसशे व्हायचे ते तेवीसशे दहा. वरचे दहा रुपये तर निव्वळ शुल्कावरच्या कराचे!

मालकांच्या संघटनांचा प्रतिवाद असा होता की, हे शुल्क सर्व कामगारांत वाटले जाते, केवळ टेबलाशी येणाऱ्यालाच नव्हे तर आचाऱ्याला आणि मोरीवर भांडी विसळणाऱ्यालाही त्यातून वाटा मिळतो, आणि काही ठिकाणी कामगार संघटनांशी झालेले करारही त्यावर आधारलेले आहेत. या म्हणण्यात तथ्यांश नाही असे नाही. टिप देणाऱ्याला वाढणारा हात दिसतो, रश्शाला फोडणी देणारा दिसत नाही, ही बक्षिसीची जुनीच उणीव आहे. तथापि या युक्तिवादात एक कबुलीही दडलेली आहे. ग्राहकाने वरकड पैसे दिले नाहीत तर कामगाराचे भागणार नाही, असे मालकच सांगत असेल, तर मूळ पगार अपुरा आहे हे त्याने मान्य केले असाच त्याचा अर्थ होतो. मग तो पुरेसा करण्याचे ओझे खाद्यपदार्थांच्या दरपत्रकावर उघडपणे न टाकता बिलाच्या तळाशी का ठेवावे, याचे समाधानकारक उत्तर त्या प्रतिवादात सापडत नाही.

कामाचा मोबदला आणि खुशीने दिलेले दान यांतील फरक मराठी समाजाला नवा नाही. दिवाळीला गडी-नोकरांना द्यायची ती पोस्त, मर्जी राखल्याबद्दल मिळे ते बक्षीस आणि गावाच्या कामाबद्दल सुगीत धान्यरूपाने मिळे ते बलुते, असे वेगवेगळे शब्दच भाषेने राखून ठेवले आहेत. यांपैकी बलुते नावाने हक्काचे होते. प्रत्यक्षात मात्र ते घेण्यासाठी खळ्यावर जाऊन हात पसरावा लागे आणि कुणब्याची मर्जी खप्पा झाली की माप आखडत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे जे विधेयक मांडले, त्यात बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर करून ती शेतसाऱ्याबरोबर वसूल करण्याची तरतूद होती. सरकारचे काम करणाऱ्या महार वतनदाराने आपल्या पोटासाठी गावाच्या दयेवर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. हॉटेलातील वाढपी आणि वतनदार महार यांची तुलना सर्वांगाने होणार नाही, कारण एकाच्या मानेवर जातीचे जोखड होते आणि दुसरा, निदान कागदावर, नोकरी सोडून जाऊ शकतो. तरीही ज्याची सेवा करायची त्याच्याच लहरीवर रोजची मिळकत ठरण्यातून येणारा मिंधेपणा दोहोंत सारखा आहे.

कायद्याच्या दृष्टीने टिप हे वेतन नव्हे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली, टिप मालकाच्या पैशातून दिली जात नाही, ती ग्राहकाकडून येते, असे नमूद केले. त्याच धाग्याने २०१६ साली आयटीसी कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने असे ठरवले की, कार्डाने दिलेली टिप मालकाच्या खात्यातून कामगाराकडे गेली तरी ती पगार ठरत नाही आणि त्यावर पगाराप्रमाणे मुळातून करकपात करण्याचे बंधन मालकावर येत नाही, कारण ती रक्कम मालकाने केवळ विश्वस्ताच्या नात्याने हाताळलेली असते. परिणामी भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि उपदान, म्हणजे प्रदीर्घ सेवेनंतर मिळणारी ग्रॅच्युइटी, यांचा हिशेब होतो तेव्हा टिप जमेत धरली जात नाही. वीस वर्षे टेबले पुसल्यावर वाढप्याच्या हाती येणारी ग्रॅच्युइटी त्याच्या तुटपुंज्या पगारावर मोजली जाते, त्याच्या खऱ्या मिळकतीवर नव्हे. महागड्या उपाहारगृहांतील काही वेटरांना पगारापेक्षा टिपच जास्त सुटते आणि म्हणून त्यांनाच ही व्यवस्था बदलायला नको असते, ही गोष्ट या हिशेबासमोर ठेवून पाहावी.

या व्यवस्थेचे टोक अमेरिकेत दिसते. तेथील संघीय कायदा टिप मिळवणाऱ्या कामगाराला ताशी केवळ २.१३ डॉलर रोख वेतन देण्याची मुभा मालकाला देतो. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून ताशी ७.२५ डॉलरची सर्वसाधारण किमान मजुरी भरली नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो. भारतातील किमान वेतनाच्या कायद्याने टिपेची अशी वजावट मालकाला कधी दिलेली नाही, आणि ती कोणत्याही वाटेने येथे शिरू नये याची दक्षता घ्यायला हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत वस्तुरूपाने दिलेला मोबदला एकूण वेतनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत वेतनात धरण्याची सोय आहे. ज्या धंद्यात पोऱ्या हॉटेलातच जेवतो आणि रात्री बाके जोडून तेथेच झोपतो, त्या धंद्यात या पंधरा टक्क्यांचा हिशेब कोण आणि कसा तपासणार, याकडे कामगार खात्याने आतापासून पाहिले पाहिजे.

टिपेचे रूपही बदलते आहे. बडीशेपेच्या ताटलीत उरलेली नाणी वेटरच्या खिशात किंवा गल्ल्याशेजारच्या डब्यात जात आणि रात्री त्यांची वाटणी होई. फुटलेल्या ग्लासाची किंमत त्यातूनच वळती करणारे मालक असत, पण पैसे निदान डोळ्यांसमोर असत. आता ग्राहक मोबाइलने क्यूआर कोडवर पैसे भरतो आणि वरचे वीस-पन्नास रुपये थेट मालकाच्या खात्यात पडतात. सर्वोच्च न्यायालयाने ज्याला विश्वस्त म्हटले त्याच्या वहीत या विश्वस्तनिधीची नोंद ठेवण्याची सक्ती मात्र नाही. ब्रिटनने २०२३ साली स्वतंत्र कायदा करून आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू करून ही उणीव भरून काढली. टिप असो वा सेवाशुल्क, कर वगळता एक पैसाही न कापता ती रक्कम पुढच्या महिनाअखेरपर्यंत कामगारांत न्याय्य रीतीने वाटणे, वाटपाचे लेखी धोरण ठेवणे आणि तीन वर्षांच्या नोंदी जपणे हे तेथे मालकावर बंधनकारक आहे. वेतन संहितेखाली नियम करण्याचा अधिकार राज्यांनाही असल्याने, महाराष्ट्राने हॉटेल कामगारांपुरती अशी नोंदवही सक्तीची करण्याचा विचार अवश्य करावा.

उडुपी उपाहारगृहे, खाणावळी आणि मिसळीची दुकाने यांचे मालक यावर भाडे, गॅस आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांचे कमिशन यांकडे बोट दाखवतील. ती तक्रार खरी आहे. शिवाय मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनांना राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने नोंदणीतून मोकळे केल्यामुळे नेमक्या याच ठिकाणी तपासणी सर्वांत सैल पडते. पण ऐंशी रुपयांची मिसळ वाढीव पगारासाठी अठ्ठ्याऐंशीची करावी लागत असेल, तर तो दर भिंतीवरच्या फलकावर लिहिण्यात कमीपणा नाही. गिऱ्हाईक तो आत शिरतानाच वाचेल आणि बसायचे की पुढच्या दुकानात जायचे ते ठरवेल.