पहिल्या ईदला कुठं जायचं?



रमजान अर्धा सरला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "आपा, यंदा घरात मय्यत झाली. ही पहिलीच ईद. घरात बसवणार नाही. दोन दिवस कुठं जाऊन आलो तर चालेल का?" यावर उपदेश करण्यापेक्षा आमच्याच घरी काय झालं ते सांगते.

आम्ही गासचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. अम्मीची चार महिने दहा दिवसांची इद्दत रमजानच्या आधी पूर्ण झाली. रोजे सुरू झाले आणि धाकट्या भावानं केळव्याला राहायची सोय बघून ठेवली. चाँदरातीलाच निघायचं, ईद तिकडेच काढायची, अब्बांची रिकामी खुर्ची त्या दिवशी डोळ्यांसमोर नको, असा त्याचा बेत. आम्हा सगळ्यांना पटला. अम्मीला विचारायचं मात्र राहून गेलं.

तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ईदच्या दिवशी घराला कुलूप? लोक भेटायला येतील, ते काय कुलपाला सलाम करतील?"

आमचा शेजार ख्रिस्ती. नाताळला त्यांच्याकडून फराळाचं ताट येतं, ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा जातो. शेजारच्या मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचे हे गेले त्या वर्षी नाताळला आम्ही घर बंद करून गेलो होतो. परत येऊन दार उघडलं आणि मग जे रडू आलं! नाताळ करायचाच राहिला असं अजून वाटतं."

दीन काय सांगतो? पतीचा अपवाद सोडला तर सोग तीन दिवसांचा. त्यानंतर ईदचे नवे कपडे घातले म्हणून मरहूमांशी बेइमानी होत नाही. पण डोळ्यांतल्या पाण्याला तीन दिवसांची मुदत कुणी घातलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचेही डोळे भरून आले होते. आणि मुअ्‌तहच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरी जेवण करून पाठवायला सांगितलं, कारण त्या घरावर दुःख कोसळलं होतं. म्हणजे शेजाऱ्यांचंही काही काम आहे.

मग आम्ही अम्मीसोबत बसून बेत बदलला. ईद घरी, सहल नंतर. यात एक व्यवहारही होता. चाँद २९ चा की ३० चा हे आधी सांगता येत नाही, म्हणून ईदच्या दिवसाची खोली घेणं तसंही धोक्याचं. त्या वर्षी चाँद ३० चा झाला आणि ईद गुरुवारी, ११ एप्रिल २०२४ ला आली. आम्ही घेतले होते शनिवार आणि रविवार. ईद बुधवारी आली असती तरी काही बिघडलं नसतं.

खर्चाचाही प्रश्न निघाला. भाऊ म्हणाला, अब्बांच्या खात्यातून घेऊ. अम्मीनं अडवलं. तरक्यातून आधी कर्ज, मग वसीयत, मग वारसांचे हिस्से. वाटणी झालेली नसताना त्यातून सहल कशी करणार? आम्ही भावंडांनी वर्गणी काढली.

तिकिटांच्या आधी आम्ही आणखी एक यादी केली, ती फार उपयोगी पडली: अब्बा ईदला काय काय करायचे? नमाजच्या आधी फितरा पोचवणं, मटण आणणं, मावशींकडे डबा नेणं, दारात उभं राहून लोकांना आत बोलावणं. एकेक काम एकेकानं घेतलं. तरी एक विसरलंच. दुपारी नातवानं विचारलं, "ईदी कोण देणार?" सगळे गप्प. अम्मी उठली, कपाटातून नोटा काढल्या आणि अब्बांसारखीच लहानांपासून सुरुवात केली.

सकाळी पुरुष सोपाऱ्याला नमाजला गेले. ईदच्या नमाजला एका वाटेनं जावं, दुसऱ्या वाटेनं यावं ही सुन्नत आहे. परतीची वाट त्यांनी कब्रस्तानावरून घेतली. डबा नेला तो धाकट्यानं. मावशींनी त्याला तासभर सोडलं नाही. ऑक्टोबरपासून न रडलेला तो मुलगा तिथं रडला.

शनिवारी नालासोपाऱ्याहून विरार, तिथून डहाणू लोकलनं केळवे रोड, पुढे किनाऱ्यापर्यंत रिक्षा. अंतर कमी, म्हणून कसर नाही, नमाज पूर्ण. जेवायला मासे-भात सांगितला, त्यामुळे हलालची चिंता नव्हती. मुद्दाम अशी जागा निवडली होती जिथं अब्बांबरोबर कधी गेलो नव्हतो. रात्री अम्मीजवळ मी झोपले, तिला एकटी ठेवली नाही.

संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली नातवंडांचा गोंधळ बघून अम्मी मोठ्यानं हसली आणि लगेच गप्प झाली. "मी हसले," असं चोरी पकडल्यासारखं म्हणाली. भाऊ म्हणाला, "अम्मी, अब्बा असते तर तुझ्याआधी हसले असते." मग रात्री उशिरापर्यंत अब्बांच्याच गोष्टी निघाल्या.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं: जरूर जा. पण ज्याचं सर्वांत जास्त गेलं आहे त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर या वर्षी नका जाऊ. गेलात तर ईदचं दार उघडून, आलेल्यांचा सलाम घेऊन मग जा. आणि तुमच्या मोहल्ल्यात कुणाची पहिली ईद असेल, तर शीरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्या घरी जाऊ द्या. डबा देऊन लगेच उठू नका, थोडं बसा.

अल्लाह सर्व मरहूमांची मगफिरत करो आणि मागे राहिलेल्यांना सब्र देवो. आमीन.