अक्रोडाएवढं घरटं, नदीएवढा आधार

शेवग्याच्या फुलासमोर क्षणभर थबकणारा चिमुकला पक्षी दिसला की घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, “हमिंगबर्ड!” खरं तर तो असतो आपला शिंजीर. हमिंगबर्ड भारतात नाहीतच. ते फक्त अमेरिका खंडांत राहतात. पण या दोघांत एक गंमतशीर साम्य आहे. घरटं बांधताना दोघांनाही कोळ्याचं जाळं लागतं.

आज भेटूया काळ्या गळ्याच्या हमिंगबर्डला. वजन जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याहून जड नाही. हिवाळा पश्चिम मेक्सिकोत काढून वसंतात तो उत्तरेला, अमेरिकेच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या रखरखीत राज्यांत येतो. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग इतका नाजूक जीव पिल्लं वाढवतो कुठे? बहुतेकदा नदीकाठच्या झाडांच्या सावलीत.

घरटं मादी एकटीच बांधते. आडव्या, बारीक फांदीवर ती झाडांची मऊ लव आणि बियांचा कापूस रचते आणि कोळ्याच्या धाग्यांनी घट्ट बांधते. तयार होते अक्रोडाएवढी वाटी. त्यात दोन पांढरी अंडी. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि पुढचे तीनेक आठवडे घरट्यातच वाढतात. पिल्लं मोठी होतात तसे कोळ्याचे धागे ताणले जातात आणि घरटंही मोठं होत जातं! नराची मदत शून्य. मध आणि बारीक किडे आणून पिल्लांना भरवायचं कामही आईचंच.

या सगळ्याला आधार असतो तो नदीचा. काठावर कॉटनवूड आणि विलो ही झाडं वाढतात. आपल्या सावरीसारखाच कॉटनवूडच्या बियांनाही कापूस असतो. ही बी जेमतेम काही आठवडेच जिवंत राहते. तेवढ्यात तिला ओली, मोकळी माती मिळाली तरच ती रुजते, आणि अशी माती पसरवतो तो नदीचा पूर.

न्यू मेक्सिकोतल्या रिओ ग्रांडे नदीवर धरणं झाली आणि पूर आटोक्यात आले. माणसांची घरं वाचली, पण कॉटनवूडची नवी रोपं कमी झाली. रिकाम्या जागी टॅमरिस्क आणि रशियन ऑलिव्ह ही परदेशी झाडं फोफावली. आपल्याकडचा नदीकाठचा झाऊ टॅमरिस्कच्याच कुळातला. पाणी आणि आगीच्या काळजीने ही झाडं काढायची मोहीम निघते. पण हमिंगबर्डने तोवर रशियन ऑलिव्हवरही घरटी करायला सुरुवात केलेली असते! म्हणून तोडणी विणीचा हंगाम टाळून आणि टप्प्याटप्प्याने व्हायला हवी, आणि त्या जागी स्थानिक झाडं लावायला हवीत. नाहीतर वाईट झाड काढण्याच्या नादात घरटंही जातं.

ॲरिझोनातली सान पेद्रो नदी मात्र वेगळी. मेक्सिकोतून उत्तरेकडे वाहणाऱ्या या नदीवर मोठं धरण नाही. तिथले लोक जुलैतल्या पावसाला ‘मॉन्सून’च म्हणतात आणि त्या पावसाने तिला आजही पूर येतो. १९८८ मध्ये तिच्या काठाचा मोठा पट्टा संरक्षित झाला. गुरांची चराई थांबवल्यावर तिथली हिरवळ आणि पक्षी दोन्ही वाढले. पण आता चिंता आहे ती भूजलाची. आसपासच्या वस्त्यांसाठी विहिरींतून पाणी उपसलं जातं. पातळी काही मीटर खाली गेली, तर कोवळ्या कॉटनवूडची मुळं तिथवर पोहोचत नाहीत. बोअरवेल दरवर्षी आणखी खोल न्यावी लागणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

हमिंगबर्डचं घरटं आपल्या हातात नाही. शिंजिराचं मात्र आहे. कपडे वाळत घालायच्या तारेला किंवा वेलीला कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळलेली, कचऱ्यासारखी दिसणारी पिशवी लटकत असेल, तर झाडू उचलण्याआधी जरा थांबा. बाजूला एखादं भोक दिसतंय का बघा. दिसलं तर महिनाभर ती तार त्यांची. कपडे दुसरीकडे वाळतील.