जुन्या कॉम्प्युटरला दोन कार्डं जोडायच्या आधी हे वाचा

लग्नसराई जवळ आली की कडेगाव-विट्याकडच्या मिक्सिंगवाल्या पोरांत एकच विषय असतो. गिऱ्हाइकाला ड्रोनचं फोर-के शूटिंग पाहिजे, कॉम्प्युटर दहा वर्षांचा, एक लग्न रेंडर करायला रात्र जाते. नवीन मशीनला लाखाच्या वर पैसे लागतात. मग कुणीतरी सांगतं, "जुन्यातच दोन सेकंडहँड ग्राफिक्स कार्डं घाल, डबल स्पीड." पोरगं पतसंस्थेत जाऊन अर्ज भरतं.

मी हार्डवेअरचा माणूस नाही. पण बातमीचे व्हिडिओ जुन्याच मशीनवर कापतो, त्यामुळं या विषयाची माहिती काढली. ती मांडतो.

एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या म्हणून पाणी दुप्पट होत नाही, हे आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. इथंही तेच आहे. आपल्याकडची बहुतेक जुनी मशीनं इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आसपासची, बी-८५ सारख्या साध्या बोर्डाची. त्यात कार्डासाठी मुख्य पाईपलाईन एकच, सेकंदाला साधारण १६ जीबी डेटा वाहणारी. दुसरी खाच असलीच तर दिसायला तेवढीच लांब, पण तिच्यातून जेमतेम २ जीबी जातात. म्हणजे दुसऱ्या कार्डाला आठवा हिस्सा. पाईपलाईन निम्मी-निम्मी वाटणारे बोर्डही होते, पण ते महागातले.

बरं, दोन कार्डं एकत्र करण्याचं तंत्रच मागं पडलंय. एनव्हिडियानं २००४ मध्ये एसएलआय आणलं, तेव्हा गेमवाल्यांत त्याची हवा होती. २०२१ पासून कंपनीनं त्याच्या नवीन ड्रायव्हर प्रोफाइल देणं थांबवलं. आता दोन कार्डांत काम वाटायचं ते सॉफ्टवेअरनं. ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर ते चांगलं वाटतं. पण आपली पोरं वापरतात त्या दा विंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती विंडोजवर एकच कार्ड वापरते. दुसरं नुसतं पंखा फिरवत बसतं. आणि १२ जीबीची दोन कार्डं म्हणजे एडिटिंगला २४ जीबी मेमरी, असंही होत नाही. प्रत्येक कार्डाला आपली मेमरी वेगळी.

लाईटचा हिशेब तर कुणी करतच नाही. आरटीएक्स ३०६० सारखं एक कार्ड १७० वॅट खातं. दोन म्हणजे ३४०. वर प्रोसेसर, डिस्क, पंखे. जुना ४५० वॅटचा एसएमपीएस तिथंच गुडघे टेकणार, म्हणजे तोही नवीन घ्या. आणि लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर हे किती वेळ चालेल?

म्हणून माझं मत सरळ आहे. एडिटिंगसाठी जुन्या मशीनला एकच बरं कार्ड, एसएसडी आणि रॅम एवढंच घाला. सेकंडहँड कार्ड घेताना तासभर लोडवर चालवून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबवलेली ढिगानं कार्डं बाजारात आली होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा मशीनवर कर्ज काढून दोन कार्डं लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी गाडी जुंपणं.

पण दोन कार्डांची खरी गरज जिथं आहे, तिथं ती कुणी लावत नाही, हे माझं दुसरं म्हणणं. एआयची मॉडेलं दोन कार्डांच्या मेमरीत वाटून ठेवता येतात, तिथं १२ अधिक १२ खरोखर उपयोगी पडतात. मराठी भाषण ऐकून मजकूर करणं, जुनी दप्तरं वाचून घेणं, ही कामं तालुक्याच्या गावात करता येतील. अमेरिकेनं क्रे महासंगणक दिला नाही, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ ला 'परम ८०००' तयार झाला. तोही छोटे छोटे प्रोसेसर जोडूनच. हे आपल्याच महाराष्ट्रात घडलंय.

केंद्रानं मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला १० हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. स्टार्टअप आणि संशोधकांना सवलतीत कार्डं भाड्यानं मिळतात. छान आहे. पण कडेगावच्या मिक्सिंगवाल्या पोराच्या हातात त्यातलं काय पडतं?

आपल्याकडं शेतकऱ्यांसाठी अवजारं बँक असते. प्रत्येकानं ट्रॅक्टर घ्यायची गरज नाही, तासावर मिळतो. तसंच एक दमदार, दोन कार्डांचं मशीन तालुक्याच्या आयटीआयमध्ये किंवा वाचनालयात ठेवा. तासाचा दर लावा. सांभाळणार कोण, असं विचारतील. आयटीआयचीच पोरं सांभाळतील, शिकतीलही. दहा पोरांनी दहा कर्जं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत आपल्या लोकप्रतिनिधींनी एवढा एक विषय मांडावा. रस्ते-गटारीच्या यादीत एक ओळ वाढेल. आणि पोरांनो, तोवर पतसंस्थेच्या अर्जावर सही करायच्या आधी आपल्या बोर्डाचा नंबर बघा, आपलं सॉफ्टवेअर किती कार्डं वापरतं ते बघा.