शॉर्ट लेगला कोण उभं राहणार?

गॅदरिंगच्या स्पोर्ट्सची बक्षिसं आठवून बघा. बेस्ट बॅट्समन, बेस्ट बोलर, मॅन ऑफ द मॅच. फिल्डरला काय? टाळ्या, आणि कॅच सुटला तर शिव्या! टीम लावतानाही तेच. ज्याला बॅटिंग येत नाही, बोलिंग जमत नाही आणि जो फर्स्ट इयरला आहे, त्याला बॅट्समनच्या तोंडासमोर उभं करायचं. माझं म्हणणं असं, की ही पद्धत मुळातच उलटी आहे. साक्षीदार म्हणून मी एकनाथ सोलकरला बोलावतो.

सोलकरचा जन्म १९४८ चा, मुंबईतला. वडील हिंदू जिमखान्यावर ग्राउंड्समन. मॅचच्या वेळी हा पोरगा स्कोअरबोर्डवरचे आकडे बदलायचा. दुसऱ्यांच्या रन्स लावणारा हा मुलगा १९६९ मध्ये स्वतः टेस्ट खेळला. १९७७ पर्यंत २७ टेस्ट, १०६८ रन्स, १८ विकेट्स. आकडे तसे साधेच. पण पुढचा बघा : ५३ कॅचेस! विकेटकीपर नसताना टेस्टमागे जवळजवळ दोन. त्यातही त्याची खास जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग, म्हणजे बॅटच्या अगदी पुढ्यात, आणि डोक्यावर हेल्मेट नाही.

ऑगस्ट १९७१, ओव्हल. पहिल्या इनिंगनंतर इंग्लंड ७१ रन्सनी पुढे. दुसऱ्या इनिंगला मात्र १०१ मध्ये खलास. चंद्रशेखरच्या ३८ रन्समधल्या ६ विकेट्स सगळ्यांना पाठ असतात, आणि असायलाच हव्यात. पण स्कोअरकार्ड नीट वाचा. फ्लेचर, झे. सोलकर गो. चंद्रशेखर, ०. नॉट, झे. सोलकर गो. वेंकटराघवन, १. आपण मॅच जिंकलो आणि इंग्लंडमधली पहिली मालिकाही. त्याच मॅचच्या पहिल्या इनिंगमध्ये सोलकरने ३ विकेट्स काढल्या होत्या आणि ४४ रन्सही केल्या होत्या. म्हणजे शॉर्ट लेगला उभा होता तो काही कच्चा लिंबू नव्हता!

कोणी म्हणेल, शेवटी मॅच रन्सनीच जिंकतात. कबूल. ओव्हलला आपल्याला १७३ करावेच लागले. पण १७३ च का करावे लागले, याचं उत्तर बॅटिंगच्या रकान्यात सापडत नाही.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलचीही हीच गत. बिल रसेलने डिफेन्सच्या जोरावर १३ सीझन्समध्ये ११ चॅम्पियनशिप्स मिळवल्या आणि १९६९ मध्ये तो रिटायर झाला. त्याने एकूण किती शॉट्स अडवले? अधिकृत आकडाच नाही! कारण एनबीएने ब्लॉक्स मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ पासून. पुढे डिकेम्बे मुटोम्बो आला. त्याचे ३२८९ ब्लॉक्स आज लोक तोंडपाठ सांगतात. मोजलं की दिसतं, हा साधा हिशेब आहे.

आमच्या कुणकेश्वरच्या पुळणीवर ही अक्कल पोरांना आपोआप येते. टेनिस बॉलची मॅच, वर वारा. समुद्राच्या बाजूला जो उभा असतो, त्याच्या हातून बॉल सुटला की गेला लाटेत आणि खेळ बंद. मग तिकडे सगळ्यात चपळ पोरगाच ठेवतात. कुणाला सांगावं लागत नाही.

आपण तर इंजिनिअरिंगवाले. फ्यूज आणि सेफ्टी व्हॉल्व्हची किंमत आपल्याला कळायला हवी. त्यांचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून कुणी त्यांचं नाव घेत नाही. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये रात्र रात्र जागून प्रोग्राममधल्या चुका शोधणारा एक असतो आणि प्रेझेंटेशन देऊन मार्क नेणारा दुसरा. हा अन्याय मैदानावरच सुरू होतो.

तेव्हा स्पोर्ट्स सेक्रेटरींना एक सूचना. यंदा स्कोअररला आणखी एक वही द्या. त्यात कॅच, रनआउट, अडवलेले चौकार लिहा. बास्केटबॉलला ब्लॉक आणि स्टील, कबड्डीला पकडी लिहा. शेवटी त्या वहीवरून एक बक्षीस द्या, आणि त्याला सोलकरचं नाव द्या. २६ जून २००५ ला, वयाच्या ५७ व्या वर्षी तो गेला. कपची किंमत किती का असेना, नाव मोठं आहे.

आणि सीनियर्स, पुढच्या मॅचला फर्स्ट इयरवाल्याला शॉर्ट लेगला ढकलण्याआधी दोन ओव्हर्स तिथे स्वतः उभे राहून बघा. हेल्मेट घालून राहिलात तरी चालेल!