अडगावचा विजेता, लंडनचा बूट

बाळापूरला गेलं की किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री दाखवतात. त्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांची फौज हरवली. सोळा दिवसांतच गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. इतकं शाळेत शिकवतात. या विजेत्याचं पुढे लंडनच्या चित्रदुकानांत काय झालं, ते कुणी सांगत नाही.

हाच वेलस्ली म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८२७ मध्ये विल्यम हीथने त्याचा चक्क बूट केला: उंच बूट, त्यातून डोकावणारं लांब नाकाचं तोंड आणि वर सेनापतीची टोपी. अशी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरत, छापून हाताने रंगवत आणि दुकानाच्या काचेत लावत. खिशात पैसे नसलेलेही फुकटात हसून घेत. त्याआधी १८०५ मध्ये जेम्स गिलरेने पंतप्रधान पिट आणि नेपोलियन यांना पृथ्वीचं पुडिंग कापायला एकाच टेबलावर बसवलं होतं. शत्रूला सोडलं नाही, घरच्यालाही नाही.

इंग्रज फार उदार होते, असं मात्र नव्हे. पंतप्रधान वेलिंग्टनच्या सरकारने १८२९ मध्ये ‘मॉर्निंग जर्नल’वर बदनामीचे खटले भरलेच.

तरीही अडगावच्या रणभूमीवर फलक लावायचा, तर त्यावर तहाशेजारी हा बूटही हवा. टोमणे मारण्यात वऱ्हाडी माणूस कुणाला हार जात नाही; विजेत्याची टर त्याच्याच राजधानीत उडाली, हे त्याला कळायलाच पाहिजे. चित्राची प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जिल्हा प्रशासनाने मागून तर पाहावी.